मागच्या चाकांचं भांडण

वहिनी, गेले काही दिवस घरात येणारा प्रत्येक माणूस तुझ्याबद्दल चांगलं बोलतो आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचाही हेवा वाटतो आहे. मी गेले तर लोक काय बोलतील याचा अंदाज मी घेऊन ठेवला आहे. 'शांत होती.' एवढंच. तुझ्याबद्दल मात्र प्रत्येकाकडे एकेक गोष्ट आहे. तळमजल्यावरच्या काकूंचा मिक्सर तू कसा उघडून नीट केलास. पाणी चढवायचा पंप बंद पडला तेव्हा साडी खोचून तू टाकीखाली कशी शिरलीस. दादा भिंतीला टेकून ऐकतो आणि मान हलवतो. अप्पा ऐकत नाहीत. ते बाल्कनीत उभे राहून खाली गाडीवरच्या ताडपत्रीकडे बघत असतात.

मी चहा देते. हातात ट्रे असला की कुणी आपल्याला काही विचारत नाही, ही मोठी सोय आहे. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वन्सं, तोंड उघड की जरा, त्याला काय भाडं पडत न्हाई."

तुझे वडील, तात्या, तेराव्यासाठी कोल्हापूरहून आले आणि त्यांनी अप्पांकडे गाडी मागितली. त्याचं पुढे काय झालं ते तुला सांगायचं आहे. पण एकदम सांगितलं तर तुला वाटेल की मी तुझ्या प्रेमापोटी तसं वागले. तसं नव्हतं. म्हणून आधीचं सांगते.

लग्न होऊन तू वाशीच्या या फ्लॅटमध्ये आलीस आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममधून ओरडलीस, "आलो, आलो, अंघोळ करायलोय." आईनं माझ्याकडे पाहिलं. आत कोण पुरुष शिरला आहे असा तिचा चेहरा झाला होता. कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल असंच बोलतात हे आम्हाला नंतर कळलं. माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत मराठीच्या बाई लिंग चुकलं की मार्क कापायच्या. तू दिवसभरात नापास झाली असतीस. आणि मी, जिचं लिंग-वचन कधी चुकत नाही, ती तुझ्यासमोर वाक्य सुरू करायला घाबरत होते. मी तुला 'तुम्ही' म्हणाले तर तू म्हणालीस, "तुम्ही म्हटलंस की मी मागं वळून बघतो, सासू आली काय म्हणून." आई स्वयंपाकघरात होती. तिला ऐकू गेलं. ती हसली. मी वीस वर्षं आईजवळ राहत होते आणि आईला असं सहज हसवणं मला कधी जमलं नव्हतं.

पण आईचं सोड. गोष्ट अप्पांची आहे.

तुर्भ्याच्या कारखान्यात दिवसभर ड्रॉइंगं काढून अप्पा रविवारी घरीही बोर्ड मांडायचे. बाहेरची छोटी कामं असायची. कुणाच्या मशीनचा एखादा भाग, कुणाच्या गेटची जाळी. त्यांच्या पेन्सिलींना टोक काढून देणं हे माझं काम, मी शाळेत होते तेव्हापासून. आम्ही दोघं सकाळभर एक शब्द न बोलता बसायचो. मला वाटायचं, हेच आमचं बोलणं. अप्पांना बोलायला आवडत नाही आणि मलाही नाही, म्हणजे आम्ही एकसारखे आहोत, असा माझा समज होता.

बिल्डिंगच्या मागे मुकादम चाचांची गाडी ताडपत्रीखाली पडून होती. चाचा मूळचे रायगडच्या किनाऱ्याकडचे. अर्धं आयुष्य आफ्रिकेत मोम्बासाला काढून परत येताना त्यांनी ती जपानी गाडी बोटीवर चढवून आणली होती. चार दारांची, फिकट निळी, सत्तर सालाच्या आसपासची. इथं तिचे पार्ट मिळेनात, म्हणून तिला झोपवून ठेवलेली. सोसायटीत सगळे तिला 'मोम्बासा' म्हणायचे. जपानचं नाव कुणी घेत नसे.

तू आल्यानंतर थोड्याच दिवसांत तिच्या ताडपत्रीचं टोक उचललंस. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते.

"काय बघतंस पोरी?" चाचा पायरीवर बसून म्हणाले. "ती आता हालायची नाय."

"चाचा, हिच्या डोक्यावर कॅम हाय न्हवं?"

"मला काय ठावं? मी फकस्त चालवली. उघडली नाय कदी."

अप्पा मार्केटमधून कांद्या-बटाट्याची पिशवी घेऊन येत होते. तुझा प्रश्न ऐकून ते थांबले. मग पिशवी रस्त्यावर ठेवली आणि तुझ्याशेजारी येऊन वाकले. लग्नाच्या गडबडीत सुनेशी धड दोन शब्द न बोललेला माणूस. मला वरून फक्त दोघांच्या पाठी दिसत होत्या. पिशवी कलंडली, बटाटे घरंगळत गटाराकडे गेले. कुणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

त्या महिन्यात अप्पांनी चाचांकडून मोम्बासा घेतली. ड्रॉइंग बोर्ड भिंतीला उभा टेकला गेला. पेन्सिली डब्यात तशाच राहिल्या.

गाडी चांगली होती, हे मला मान्य करावंच लागेल, कारण वरून ऐकून ऐकून माझं तिच्याबद्दल बरंच शिक्षण झालं. तू आणि अप्पा बोनेटमध्ये डोकं घालून बोलायचात आणि भिंतींमुळे आवाज सरळ आमच्या बाल्कनीत यायचा. अँबॅसडरमध्ये कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, खाली असतो आणि त्याला लांब लांब दांड्या वर ढकलून व्हॉल्व्ह उघडावे लागतात. इथं कॅमच डोक्यावर बसवला, साखळीनं फिरवला, आणि मधल्या दांड्या काढूनच टाकल्या. "निरोप घेऊन जाणारी माणसंच कमी केली की ह्यांनी," तू म्हणालीस. अप्पांना ते वाक्य इतकं आवडलं की त्यांनी ते जेवताना आईलाही सांगितलं.

अप्पांना मात्र इंजिनापेक्षा बाहेरचा आकार आवडायचा. कुठे नक्षी नाही, उगाच फुगवलेला पत्रा नाही. पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत अंगावरून गेलेली एकच घडी. एकदा ते तिच्यावरून बोट फिरवत म्हणाले, "ही रेघ ज्यानं ओढली ना, त्यानं मध्ये हात उचललेला नाही." अप्पांनी माझ्या कुठल्याही गोष्टीचं असं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी जपानमध्ये बोर्डावर वाकलेल्या त्या अनोळखी माणसाचासुद्धा मला तेव्हा हेवा वाटला. इतकं माझं चाललं होतं.

मग तो उदबत्तीचा रविवार. मोम्बासाच्या पुढच्या दारांना टॅक्सीसारखी ती छोटी तिकोनी काच नव्हती. मग काचा बंद असताना वारा येतो कुठून आणि जातो कुठे, असा अप्पांना प्रश्न पडला. तू वर आलीस, देवघरातली उदबत्ती पेटवलीस आणि खाली निघालीस.

"देवाची उदबत्ती गाडीला?" आई म्हणाली.

"गाडीला ओवाळलं समजा, आई. नाहीतरी तुमचा मुलगा तिला स्वतःची सवतच म्हणतोय."

तुम्ही दोघं काचा लावून आत बसलात, आतला पंखा चालू केलात. आतल्यांना बाहेर निघणारा धूर दिसणार कसा? अप्पांनी काच जराशी खाली करून वर हाक मारली, "वंदू, धूर निघतोय का गं?"

"हो."

"कुठून?"

"मागच्या काचेच्या बाजूला फट आहे. तिथून."

अप्पा तुझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. काच पुन्हा वर गेली. डॅशबोर्डमधून आलेला वारा माणसांच्या अंगावरून जाऊन मागच्या फटीतून आपोआप बाहेर पडतो, म्हणून ती तिकोनी काच लागत नाही, हे अप्पा नंतर येईल त्याला सांगायचे. सांगताना म्हणायचे, "आमच्या मंगलनं शोधून काढलं." धूर कुणी पाहिला होता?

पण त्या रविवारी तू काच खाली केलीस आणि वर बघून म्हणालीस, "वन्सं, तितं काय टांगून ठेवलंय तुला? खाली ये की."

मी आले. चाचांनी गाडीबरोबर तिचं मॅन्युअल दिलं होतं, जाडजूड, इंग्रजीतलं. तू ते माझ्या मांडीवर टाकलंस. "मला इंग्लिश वाचायचा कंटाळा येतोय. आमचे हात बी ग्रीसचे. तू वाच आणि मराठीत सांग." मला स्टूल दिलंस. अशी मी त्या रविवारांत शिरले, वाचणारी म्हणून.

माझं इंग्रजी चांगलं होतं, पण ते कवितांचं आणि निबंधांचं. मी पहिल्याच दिवशी 'ब्लीड द ब्रेक्स' वाचलं आणि गंभीरपणे सांगितलं, "ब्रेकमधून रक्त काढा." 'आयडल स्पीड'ला म्हणाले, "आळशी वेग." क्लचच्या 'फ्री प्ले'ला "मोकळा खेळ."

तू गाडीखाली होतीस. आधी नुसते तुझे पाय हलले, मग हसणं ऐकू आलं. "रक्त न्हवं गं बाई, हवा. नळीत हवा अडकली की ब्रेक लागत न्हाई, ती काढ म्हणतोय तो." मग सरपटत बाहेर येऊन म्हणालीस, "पण रक्तच भारी हाय. आपण रक्तच म्हणूया." तेव्हापासून आपल्या घरात त्या कामाला 'रक्त काढणं' हेच नाव पडलं. दादा एकदा रात्रपाळी करून तळोज्याहून आला, आणि आईनं त्याला दारातच सांगितलं, "अप्पा आणि मंगल खाली रक्त काढतायत." तो चपला न काढता परत खाली धावला.

मी 'रक्त काढा' म्हणाले त्या दिवशी अप्पा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मी चुकले म्हणून हसले, हे मला चाललं असतं. पण ते तुझ्याकडे बघून हसले.

आता मागच्या चाकांचं. आपलं ते भांडण संपलंच नाही.

बाल्कनीतून मला एक गोष्ट दिसायची, जी खाली वाकलेल्या माणसाला दिसत नाही. मागच्या सीटवर कुणी बसलं की मोम्बासाची मागची चाकं तिरकी व्हायची. वरचा भाग आत, खालचा बाहेर. माणूस पाय फाकून उभा राहतो तशी. मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, तशीच असतात ती. मग मडगार्डला टेकून तू मला समजावलंस. आपल्याकडच्या गाड्यांत दोन मागची चाकं एकाच लोखंडी दांड्यावर असतात. एक खड्ड्यात गेलं की दुसरंही कलतं. इथं प्रत्येक चाकाला स्वतःचा हात, स्वतःची स्प्रिंग. "एकाला धक्का बसला तर दुसऱ्याला कळू नये, म्हणून केलंय तसं."

"मग ती एकमेकांशेजारी असून उपयोग काय?" मी म्हणाले.

"एकमेकांच्या पायात पाय घालत न्हाईत, ह्यो उपयोग."

"मला ते तुटक वाटतं."

"वन्सं, आणि तू गं? घरात कुणाला तुझा धक्का कळतोय कदी?"

मी स्टुलावरून उठून वर गेले. दुसऱ्या रविवारी मात्र मी एक वाक्य तयार करून आले. "दोन्ही तिरकी असतात हे कबूल. पण डावं उजव्यापेक्षा जास्त तिरकं आहे."

तू म्हणालीस, भास असेल. अप्पांनी ओळंबा आणला. दोरी सोडली, पट्टी लावली, दोन्ही बाजूंनी मोजलं. डावं जास्त तिरकं होतं. त्या बाजूच्या चाकाच्या हाताच्या मुळाशी बुश असतो, लोखंडी कड्यात रबर बसवलेला, तो झिजून गेला होता. तू सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी म्हणालीस, "वंदूनं पकडलं, अप्पा. वरनं, नुसत्या डोळ्यानं." अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत राहिले. मग ते तुला म्हणाले, "बुश कुठे करून घेऊ या, मंगल?"

बुश बाजारात मिळणार नव्हता. तात्यांचं कोल्हापूरला लेथचं वर्कशॉप, ते करून देतील असं तू म्हणालीस. अप्पांनी बऱ्याच दिवसांनी बोर्ड खाली घेतला, पूर्ण मापाचं ड्रॉइंग काढायला बसले. मी पेन्सिलींचा डबा आणायला आतल्या खोलीत गेले. परत आले तर तू त्यांच्या डाव्या हाताला बसली होतीस आणि त्यांच्या खिशातल्या पेन्सिलीला टोक काढत होतीस. ब्लेडनं. माझ्यापेक्षा लांब आणि बारीक. अप्पांनी ती घेतली, कागदावर टेकवली आणि म्हणाले, "वा."

वहिनी, तू बाकी काहीही घेतलं असतंस तरी चाललं असतं. त्या दिवशी मी डबा परत फळीवर ठेवला आणि आईबरोबर गवार मोडत बसले. तुला काही कळलं नाही. मी कळू दिलं नाही, त्यात मी हुशार आहे.

बुश एस.टी.च्या पार्सलनं आले. तुम्ही ते बसवलेत आणि आपण मोम्बासा रस्त्यावर काढली. तू चालवत होतीस, अप्पा तुझ्या शेजारी, मी मागे. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तुर्भ्याच्या खाणींचे ट्रक आपल्याला हॉर्न मारत होते, कारण साडी नेसून स्टिअरिंगवर बसलेली बाई त्यांनी पाहिली नव्हती. रस्ता उखडलेला होता. खड्डा आला की खाली चाक बुडून वर यायचं, त्याचा आवाज यायचा, आणि आपण मात्र नुसते थोडे वर-खाली. अप्पा डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. ते ऐकत होते.

"अजून तिरकीच आहेत," मी परत आल्यावर म्हणाले. "दोन्ही सारखी झाली, पण तिरकीच आहेत. सरळ म्हणजे सरळ."

"उभी असताना तिरकी," तू म्हणालीस. "वळणावर अंग बाहेर कलतंय की न्हाई? तवा बाहेरचं चाक बरोबर सरळ उभं राहतंय. त्यांनी वळणाचा हिशेब केलाय, उभं राहण्याचा न्हाई."

"मला नाही पटत."

"आत बसून पटणार न्हाई. तू एकदा खाडीकडच्या वळणावर उभी राहा. मी जोरात आणतो गाडी. चाकाकडं बघ, मग बोल."

मी हो म्हणाले. मग परीक्षा आल्या, मग मला नोकरी लागली, मग दिवाळी. एवढ्यात रस्त्यावर त्या नव्या छोट्या गाड्या दिसू लागल्या होत्या. सोसायटीतले लोक म्हणायचे, मोम्बासा विका आता आणि एक ती घ्या. तू म्हणायचीस, "तिच्याकडनं अजून वन्संचं समाधान व्हायचंय." विषय निघाला की आपण दोघी पुन्हा तेच बोलायचो, तेच शब्द, त्याच जागी थांबायचो. मला ते भांडण आवडायला लागलं होतं, हे मी आज लिहिते आहे. माझ्याशी दुसरं कुणी भांडत नाही. माझ्याशी सगळे समजुतीनं वागतात.

तुझ्या तापाबद्दल मी लिहिणार नाही. दवाखान्यात मी एकदाच तुझ्याजवळ एकटी होते. तेव्हा तूच विचारलंस, "अप्पा मोम्बासा चालू करतात काय रविवारची? बॅटरी उतरंल." मी म्हणाले, बघते. मनात आलं, हिला आताही अप्पा आणि गाडीच आठवते. मग तू डोळे न उघडता म्हणालीस, "आणि तू खाली जातीस काय?" मी उत्तर द्यायच्या आत नर्स आली.

आता तात्यांचं.

तेरावा झाला, माणसं गेली, तात्या आणि अप्पा समोरासमोर बसले होते, दादा भिंतीला टेकून. तात्यांचे हात तुझ्यासारखे आहेत, आखूड बोटांचे. बराच वेळ त्यांनी ते गुडघ्यांवर ठेवले होते.

"अप्पासाहेब, एक मागू काय?"

"बोला ना."

"गाडी न्यावी म्हणतो. घरात फोटो लावलाय तिचा. पर फोटोत ती गप्प बसल्याली हाय. गप्प बसल्याली बघवत न्हाई. गाडीला तिचा हात तरी लागलाय."

"घेऊन जा," अप्पा म्हणाले. लगेच. विचार करून सांगतो, एवढंसुद्धा नाही. मग माझ्याकडे वळले. "वंदू, ते मॅन्युअल आण. त्यांच्या कामाला येईल."

मी आणलं. तात्यांच्या हातात देताना काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "वहिनीला हे मीच वाचून दाखवायचे. तिला इंग्लिशचा कंटाळा होता."

तात्यांनी वर बघितलं. "कुणाला? आमच्या मंगलला? पॉलिटेक्निकला दोन वर्सं इंग्लिशमधनंच पेपर लिवत होती की. माझ्या वर्कशॉपमधली समदी इंग्लिश पुस्तकं तिच्याच उशाला असायची."

मी अप्पांकडे पाहिलं. ते खाली बघायला लागले. त्यांनाही माहीत होतं.

म्हणजे तू गाडीखाली पडून हसत होतीस तेव्हा मूळ वाक्य काय आहे हे तुला वाचायच्या आधीच ठाऊक होतं. म्हणजे ते स्टूल, ते 'तू वाच आणि सांग', हे सगळं तू माझ्यासाठी मापून कातून बसवलंस. त्या सगळ्या रविवारांत माझं म्हणून एकच काम होतं, आणि ते काम नव्हतंच. तुझे उपकार मानायला हवेत, मला कळतं. बाल्कनीत टांगलेल्या मुलीला तुझ्याशिवाय कुणी खाली बोलावलं नव्हतं. अप्पांनीही नाही. पण वहिनी, त्या क्षणी मला कृतज्ञता वाटली नाही. मला वाटलं, हेसुद्धा तुझंच निघालं. माझ्या चुकासुद्धा.

आणि आता गाडी कोल्हापूरला जाणार. तिच्याबरोबर अप्पांचे रविवार, चाकांचं भांडण, सगळं तिकडे. मी इथं, शांत.

"नको," मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. दादानंसुद्धा.

"नका नेऊ गाडी."

तात्यांनी विचारलं, "का गं पोरी? तुला येती काय चालवायला?"

"नाही."

"मग तुझा बाप चालवतोय?"

अप्पांनी नाही म्हणून मान हलवली. त्यांना लायसन्सच नव्हतं, ते नेहमी तुझ्या शेजारीच बसायचे.

"मग ठेवून काय करणार?"

'अजून भांडायचं आहे' हे दुःखाच्या घरात कसं सांगायचं? मॅन्युअल दिल्यावर उचललेला कपांचा ट्रे मी खाली ठेवला. "शिकेन," मी म्हणाले. आवाज जरा मोठाच आला. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

तात्यांची मुलगी गेली होती, त्यांनी एकच वस्तू मागितली होती, आणि ती एका जवळजवळ अनोळखी, चहा देणाऱ्या मुलीनं नाकारली होती. ते रागावले असते तर बरोबर होतं. ते म्हणाले, "मग उद्या सकाळी खाली ये. मी दुपारच्या एस.टी.नं जातो."

सकाळी आम्ही तिघं, तात्या, अप्पा आणि मी, ताडपत्री काढून उभे राहिलो. तात्यांनी बॅटरीच्या टोकांवरची पांढरी भुकटी गरम पाण्यानं धुतली, पाणी, ऑइल बघितलं. दोन-तीन वेळा घरघरून इंजिन लागलं. गाडी त्यांनी स्वतः खाडीकडच्या मोकळ्या प्लॉटांच्या रस्त्यावर नेली आणि उतरून मला आत बसवलं. स्वतः शेजारी बसले. अप्पा मागे. चालवणाऱ्याला स्वतःची मागची चाकं कधीच दिसत नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. म्हणजे ते भांडण आता माझ्याकडून तरी मिटणार नाही.

तात्या कमी बोलतात. "क्लच सावकाश सोड. पाय उचलायचा न्हाई, येऊ द्यायचा." मी सोडला. मोम्बासा बेडकासारखी पुढे उडाली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा बंद. एक सायकलवाला उतरून बघत उभा राहिला. माझी पाठ घामानं सीटला चिकटली होती. अप्पा मागून काही बोलत नव्हते, आणि त्यांच्या न बोलण्यातून मला कधीच काही कळलेलं नाही, हे मी आता स्वतःशी मान्य केलं आहे.

मी तात्यांना विचारलं, "वहिनीची पण सुरुवातीला बंद पडायची?"

तात्या समोरच्या काचेतून मिठागरांकडे बघत होते. ते खोटं बोलू शकले असते. शेजारी घाबरलेली मुलगी, मागे तिचा बाप. दुसऱ्या कुणीही 'हो' म्हटलं असतं.

"न्हाई," ते म्हणाले. "तिची एकदाबी बंद पडली न्हाई."

तोंडावर हात ठेवला तरी दाबता येत नाही असं अप्पांचं हसणं मागून ऐकू आलं. तू गेल्यापासून पहिल्यांदा. पुन्हा तुझ्यामुळेच. वहिनी, गेलेल्या माणसाचा कुणाला इतका हेवा वाटत नाही.

मी क्लच दाबला आणि पुन्हा किल्ली फिरवली.